काताल्दोने न कोरलेलं अक्षर

आमच्या छापखान्यात बावीस वर्षं G हे अक्षर नव्हतं. शिशाच्या बारीक अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, पेट्यांत होतं, हवं तेवढं. पण भिंतीवरच्या मोठ्या पत्रकांसाठी आमच्याकडे लाकडी अक्षरं होती, वीतभर उंचीची, जाडजूड. त्यांत A होता, B होता, वर्षातून एकदा लागणारा Q सुद्धा होता, पण G नव्हता. आणि आमच्या इटालियन भाषेत गुरुवार G ने सुरू होतो, जानेवारी आणि जून G ने सुरू होतात, खुद्द येशू G ने सुरू होतो. सर्कसवाल्यांना तर ‘भव्य’ याखेरीज दुसरा शब्द ठाऊक नसतो, आणि तोही G नेच सुरू होतो.

मग आम्ही काय करायचो? आजोबांच्या वेळचा एक किरकोळ अंगाचा G कुठेतरी उरला होता, तो मध्ये बसवायचो. पैलवानांच्या रांगेत उपासाने वाळलेली एखादी आत्या उभी करावी, तसा तो दिसायचा. बाहेरगावची माणसं हसायची. गावातल्यांना सवय झाली होती.

ही अक्षरं कोरणारा काताल्दो. मूळचा मेंढपाळ. आमच्या पठारावरचे मेंढपाळ मेंढरांमागे बसल्या बसल्या चाकूने लाकूड कोरत, आणि त्यांच्या हातची सगळ्यांत मागणीची वस्तू म्हणजे पावाचा शिक्का. त्या काळी कुणाच्या घरी भट्टी नव्हती. बायका घरी पीठ मळायच्या, आठवडाभर पुरतील असे दोन-तीन भले मोठे पाव वळायच्या, त्यांवर घरधन्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा शिक्का दाबायच्या आणि फळी डोक्यावर घेऊन गावभट्टीवर पोचवायच्या. शंभर पाव एकत्र भाजले गेले, तरी आपला पाव आपल्या घरी परत यायचा तो त्या अक्षराच्या जोरावर.

काताल्दोला वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड त्याने पाहिलं होतं ते फक्त बाहेरून, मेंढरं नेताना. पण अक्षरं त्याला सगळी ठाऊक होती, कारण त्याच्या लेखी अक्षर म्हणजे घर. एकोणपन्नास साली बाबांनी त्याला पहिल्यांदा छापखान्यात बोलावलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि कागदांच्या गठ्ठ्यावर बसून सगळं ऐकत होते. आमची जुनी लाकडी अक्षरं लढाईतल्या एका कडक हिवाळ्यात आईने चुलीत घातली होती. ग्रामदेवतेसारख्या आमच्या संताचा उत्सव तोंडावर आला होता आणि पत्रकाला अक्षर नव्हतं.

“काताल्दो मिस्त्री, A पासून Z पर्यंत कोरून देशील?” बाबांनी विचारलं.

“A कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? A म्हणजे A.”

“नुसता A माझ्यापाशी नसतो, दादा. आंजेलांतोनियोच्या घरचा आहे, अमालिया विधवेच्या घरचा आहे. तिचा जरा रुंद आहे. कुठला हवा?”

बाबांनी कपाळाला हात लावला. “रुंद दे बाबा, रुंद.”

पंधरा दिवसांनी काताल्दोने गोणी आणून फरशीवर उपडी केली. नासपतीचं लाकूड, तेल लावून गुळगुळीत केलेलं. बाबांनी एकेक अक्षर उचललं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. एवढी जाड अक्षरं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. A च्या पोटातलं भोक सुई जाईल एवढं. O म्हणजे नुसता गोळा, मध्ये एक चीर. S तर ठासून भरलेल्या सॉसेजसारखा. R चा एक पाय पुढे फेकलेला, कारण रोक्कोच्या घरचे सगळे पिढीजात लंगडे. G तर गोणीत नव्हताच.

“अरे, यांची पोटं कुठं गेली? भोकं बुजलीत सगळी!”

“भाजल्यावर उघडतील की.”

“काय भाजल्यावर?”

“पीठ फुगतं ना, दादा,” काताल्दो समजावणीच्या सुरात म्हणाला. “शिक्का दाबतो तेव्हा अक्षर जाडच लागतं. भट्टीत पाव फुगला की बाजूचं पीठ अक्षरावर चालून येतं. बारीक रेघ असली तर मिटून जाते. म्हणून दुप्पट जाड कोरायचं आणि भोक नावापुरतं ठेवायचं. भाजून निघालं की बरोब्बर होतं.”

“आणि कागद? कागद फुगतो का रे?”

हा विचार काताल्दोच्या मनाला शिवलाच नव्हता. “नाही फुगत?” त्याने विचारलं.

उत्सवाला चार दिवस होते. बाबांनी शिव्या घालत तीच अक्षरं जुळवली, शाई कमी घातली, रूळ अलगद फिरवला आणि पालिकेच्या भिंतीवर पत्रक लावून आले. मग ते चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. वाचता आलं. कॉफीच्या दुकानापाशी गेले. वाचता आलं. चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, गावभट्टीच्या दारात, नव्वद पावलं मोजून गेले आणि तिथूनही संताचं नाव लख्ख वाचता आलं. परत आले ते हसतच. “मूर्खाने शहाण्यांना जमलं नाही ते केलं,” म्हणाले.

त्या दिवसापासून त्या वळणाला गावाने ‘फुगीर’ असं नाव ठेवलं. सर्कस आली, फुगीर. सिनेमा आला, फुगीर. निवडणुकीत लालवाले आणि पाद्र्यांच्या बाजूचे दोघंही फुगीरच मागायचे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला कुणाला मत द्यायचं ते कळत नसे. कळायचं ते एवढंच, की कुणीतरी फार तावातावाने काही म्हणतंय. बाबांनी या अक्षराचे दोन नियम केले होते. पहिला असा, की फुगीरमध्ये चार शब्दांच्या वर बोलायचं नाही. “पाचव्या शब्दाला गल्ली बहिरी होते, ब्रिजिदा,” ते मला सांगायचे. दुसरा नियम, मेलेल्या माणसाच्या पत्रकाला फुगीर वापरायचं नाही. मृत्यूची पत्रकं आमच्याकडे भिंतीवर लागतात, घरात माणूस गेलं की तासा-दोन तासांत. पण ती बारीक, सरळ, काळ्या कपड्यातल्या माणसासारखी शिस्तीची अक्षरं. मेलेल्याने ओरडू नये, असं बाबांचं म्हणणं होतं.

काताल्दो पुढे मेंढरं सोडून आमच्याकडेच रुळला. गावभट्ट्या बंद पडत चालल्या होत्या, शिक्के कुणाला नको होते. तो मोडलेली अक्षरं दुरुस्त करायचा, झिजलेली घासायचा, लागतील तसे दुसरे-तिसरे E आणि A कोरायचा. कामाला वाघ. पण G म्हटलं की पाठ फिरवायचा.

मी जात्याच चौकस. दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला माझं जेवण जात नाही. मी त्याच्या मागे लागले ते लागलेच.

“काताल्दोकाका, G का नाही कोरत?”

“हात वळत नाही.”

“C साठी वळतो आणि G साठी वळत नाही? C ला एक दाढी लावली की झाला.”

“मग तूच लाव.”

लावली होती. C ला लाकडाची चिपटी चिकटवून पाहिली. तिसऱ्या कागदाला ती रुळाबरोबर निघून गेली. मी गावात विचारून पाहिलं. लढाईपूर्वी तो G कोरायचा, हे नक्की. चार-पाच घरांत त्याच्या हातचे शिक्के होते. लढाईनंतर कुणी G मागितला की तो सरळ शेजारच्या गावातल्या मेंढपाळाकडे पाठवायचा. बायकांनी ठरवून टाकलं होतं की त्याच्यामागे प्रेमाची भानगड आहे. ग्राझियेल्लामावशीच्या लग्नात घरचा शिक्का काताल्दोनेच कोरून दिला होता, तिच्या नवऱ्याच्या, गाउदेन्झिओच्या नावाचा G. आणि काताल्दोने लग्न केलं नव्हतं. झालं, बायकांना आणखी काय हवं? मलाही ते खरं वाटायचं. ग्राझियेल्लामावशी भट्टीकडे निघाली की काताल्दो खिडकीपासून उठून आतल्या खोलीत जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिची एक गंमत होती. बाकीच्या बायका पावावर एकदा शिक्का मारायच्या. ही चार ठिकाणी मारायची. वर एक, बाजूंना तीन. फळीवरून तिचे पाव चालले की चारी बाजूंनी G, G, G. “एवढी घरधन्याची हौस!” म्हणून बायका हसायच्या. ती फळी सावरून पुढे चालू लागायची.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत ग्राझियेल्लामावशी गेली. सकाळी घंटा वाजली आणि दहाच्या सुमाराला गाउदेन्झिओकाका छापखान्यात आला. सत्तरीचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात टोपी. बाबा तेव्हा हयात नव्हते. छापखाना मीच बघत होते. काताल्दो शेगडीजवळ बसून एक M घासत होता.

“ब्रिजिदा, तिचं नाव जाड अक्षरात घाल,” गाउदेन्झिओकाका म्हणाला. “ते बारीक मला दिसत नाही. माझ्या बायकोचं नाव मलाच वाचता येऊ नये का?”

“काका, जाडमध्ये G नाही आमच्याकडे.”

“ठाऊक आहे. म्हणून हे आणलंय.” त्याने खिशातून पावाचा शिक्का काढून माझ्यापुढे ठेवला. काळा पडलेला, मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली. “काताल्दो, तुझ्याच हातचा आहे. असाच मोठा कर. उद्या दहाला तिला न्यायचंय.”

काताल्दो M घासतच राहिला. मला वाटलं, आता म्हणेल हात वळत नाही. मी मनात म्हटलं, आज म्हणालास ना, तर याच शेगडीत घालीन तुला.

गाउदेन्झिओकाका खुर्चीत बसला. दुःखात माणूस एकतर गप्प होतो नाहीतर बोलतच सुटतो. तो बोलत सुटला. ग्राझियेल्ला कशी मळायची, कशी गायची, एका हाताने मूल आणि एका हाताने पीठ. “बाई सोन्यासारखी,” तो म्हणाला. “उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलली माझ्याशी. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात. तीन पाव भट्टीवर गेले, घरी दोन आले. घरात चार पोरं. तिच्या भावाच्या घरी पाच पोरं, खायला गवत. मी म्हटलं, वाटेत भावाच्या दारी ठेवलास. ती म्हणाली, नाही ठेवला. मी भट्टीच्या दारात सगळ्या गल्लीदेखत तिला चोर म्हटलं. ती शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिली. कबूल केलं असतं तर मी तिथेच विसरलो असतो. परवा शेवटचं विचारलं, ग्राझिये, आता तरी सांग. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.”

काताल्दो उठला, नासपतीचा एक ठोकळा शोधला, शिक्का डाव्या हाताला ठेवला आणि कोरायला लागला. आखणी नाही, पेन्सिल नाही. मी त्याला बावीस वर्षं कोरताना पाहत होते. इतकं भरभर त्याने कधी कोरलं नव्हतं. दीड-एक तासात G झाला. अगदी सुरुवातीच्या अक्षरांसारखा: अंगाने भरलेला, पोटात नावापुरती फट, आणि खालची हनुवटी आत वळलेली. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते पिठासारखं पांढरं झालं होतं.

त्याने G गाउदेन्झिओकाकाच्या हातात दिला आणि उभाच राहिला.

“गाउदेन्झिओ, तो पाव मी घेतला.”

काका अक्षरावरून बोटं फिरवत होता. “कुठला पाव?”

“तोच. माझी मेंढरं सैन्याने नेली होती. भट्टीवाल्याकडे भाजलेले पाव काढून फळीवर लावायच्या कामाला होतो मी. तीन दिवस पोटात काही नव्हतं. फळीवर माझंच अक्षर दिसलं, वाटलं, हे तर माझंच आहे. खडकाआड बसून सगळा खाल्ला. वरचं कवच, जिथे G होता, तेवढं खाववलं नाही. ते भिंतीच्या भोकात ठेवलं. उंदरांनी नेलं.”

“आणि दुसऱ्या दिवशी? मी ओरडत होतो तेव्हा?”

“मी होतो तिथे. तुमच्या मागेच.”

“आणि बोलला नाहीस.”

“त्या दिवशी मार पडेल म्हणून बोललो नाही. मग उद्या सांगू, परवा सांगू. दर शनिवारी ती चार-चार G मारलेले पाव घेऊन जायची. कुठेही तुकडा सापडला तरी ओळखू यावा, तुम्हाला पुन्हा संशय येऊ नये म्हणून मारायची ती. मला ठाऊक होतं आणि मी खिडकीतून उठून आत जात होतो.”

मला तेव्हा त्याचा असा राग आला, की अजूनही आठवला की येतो. ज्या माणसाला वीस वर्षं मी काका म्हणत आले, त्याच्या भोळेपणाच्या गोष्टी गावभर सांगत आले, त्याने एका बाईला अठ्ठावीस वर्षं खोटी ठरवलं. आणि सांगितलं कधी? ती गेल्यावर पाच तासांनी. आणि तरीही त्याच्याकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

गाउदेन्झिओकाका उठेल, काहीतरी फेकून मारेल असं मला वाटलं. तो बसूनच होता. G मांडीवर ठेवून मला म्हणाला, “पोरी, नावाखाली आणखी एक ओळ घाल. तीही याच अक्षरात.”

“काय घालू?”

“पाव तिने दिला नव्हता.”

मी बोटांवर मोजलं. चारच शब्द होते. मेलेल्या माणसाच्या पत्रकाला फुगीर वापरायचं नाही, हा बाबांचा दुसरा नियम मला आठवला, आणि मी त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

“त्याखाली माझं नाव घाल,” काताल्दो म्हणाला. “कुणी घेतला, तेही लोकांना कळू दे.”

“नाही,” गाउदेन्झिओकाका म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “तुझं नाव नको, माझंही नको. ही तिची भिंत आहे. आपली दोघांची नावं तिने पुष्कळ वर्षं वाहिली.”

मी अक्षरं जुळवली. नवा G कोरा होता, शाई पटकन पीत होता; त्याला दोनदा रूळ द्यावा लागला. पहिला कागद उचलला आणि उजेडात धरला. बावीस वर्षं आम्ही त्या अक्षरांत हत्ती, उत्सव, मतं आणि दोन तासांचे सिनेमे ओरडून सांगितले होते. त्यात कुणीतरी माफी मागताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पत्रकं चिकटवणारा आमचा माणूस त्या दिवशी बाहेरगावी होता. काताल्दोने न विचारता शिडी खांद्यावर घेतली, खळीची बादली उचलली. पालिकेच्या भिंतीवर त्याने पत्रक लावलं, ब्रशने वरून खाली, पुन्हा वरून खाली, एकही सुरकुती न ठेवता. कॉफीच्या दुकानातली माणसं बाहेर आली. ज्या बायका तिच्या चार शिक्क्यांना हसायच्या, त्यांतल्या दोघी चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. एकीने पदरासारखी शाल तोंडावर ओढली. काताल्दो शिडीवरून उतरला आणि भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

गाउदेन्झिओकाकाने माझा दंड धरला. “चल,” म्हणाला. मला वाटलं, घरी जायचंय. पण तो चौक ओलांडून निघाला, पावलं मोजत, त्या बंद पडलेल्या भट्टीच्या दारापर्यंत. तिथे तो वळला, दाराला पाठ लावली आणि भिंतीकडे डोळे बारीक करून पाहू लागला.

“मला नुसतं काळं दिसतंय,” तो म्हणाला. “तुला इथून वाचता येतं का?”

“येतं, काका. सगळं येतं.”

“नीट बघून सांग.”

मी नीट बघितलं. “शब्द न् शब्द येतो.”

“मग झालं,” गाउदेन्झिओकाका म्हणाला. “मी इथूनच ओरडलो होतो.”